मुंबईचा आराखडा आणि गुमास्त्याची खोली

काळबादेवीच्या पेढीवर सकाळी सर्वांच्या आधी येऊन दिवाबत्ती करणारा गुमास्ता रात्री निजावयास कोठे जातो, याची चौकशी त्याचा शेठ सहसा करीत नाही. चौकशी केली तर उत्तर बहुधा विरार किंवा बदलापूर असे मिळेल. २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईच्या सुमारे सव्वा कोट वस्तीपैकी शेकडा चाळिसांहून अधिक लोक झोपडपट्टीत आढळले; आणि त्याच शिरगणतीत याच शहरात कुलूप लावलेली रिकामी घरे चार लाखांवर निघाली. शहरात घरे नाहीत असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. मोजक्या वेतनात राहता येईल असे घर नाही, ही खरी अडचण होय.

ही अडचण नवी नाही. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ च्या कायद्याने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे प्रशस्त रस्ते पाडले. परंतु त्या पायी ज्यांची बिऱ्हाडे उठली, त्यांच्यासाठी खोल्या आधी बांधण्याची दक्षता पुरेशी घेतली नाही. उठलेली माणसे शेजारच्याच चाळींत शिरली आणि दाटी एका गल्लीतून दुसरीत गेली. दादर-माटुंग्याची मोकळी जमीन सुरेख आखली गेली खरी, पण तेथे मध्यमवर्ग राहावयास गेला, गिरणीकामगार नव्हे.

पुढे १९२० साली लॉइडसाहेबांच्या अमदानीत डेव्हलपमेंट खाते निघाले. त्याच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसली, म्हणजे व्यापाऱ्याचाही पैसा त्यात गेला. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यांपैकी पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे ओस पडल्या; कारण भाडे ठरविताना बांधकामाचा खर्च पाहिला गेला, मजुराची कमाई नाही. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले गेले. गरिबांच्या घरांसाठी बांधलेल्या इमारतींचा तुरुंग म्हणून उपयोग करण्यास परकी सरकारला काही संकोच वाटला नाही!

आता सरकार आपले आहे, कायदाही आपला आहे. म्हणून दोष परक्यांवर ढकलण्याची सोय उरलेली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये म्युनिसिपालिटीने विकास आराखडा करावयाचा आणि सुमारे वीस वर्षांनी तो सुधारावयाचा. मुंबईचा १९८१ साली यावयाचा आराखडा १९९१ नंतर टप्प्याटप्प्याने मंजूर झाला. २०१४ च्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, ओरड होताच एप्रिलात मागे घेतला गेला आणि अखेर १ सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यात दहा लाख परवडणाऱ्या घरांचा संकल्प सोडलेला आहे. संकल्पाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु 'परवडणारे' म्हणजे कोणाला? २०१९ च्या करनियमांत केंद्र सरकारने महानगरातील अशा घराची मर्यादा ६० चौरस मीटर व ४५ लाख रुपये धरली. ज्याचा पगार महिना वीस हजार, त्याने एक पैसाही न खाता सगळा साठविला तरी पावणेएकोणीस वर्षे लागतील.

आता मुद्द्याची गोष्ट. आराखड्यात घरांसाठी, शाळांसाठी, बागांसाठी भूखंड राखून ठेवलेले असतात, आणि नकाशावरील तो रंग पाहून नागरिक निश्चिंत होतो. पण त्याच कायद्याचे कलम १२७ असे सांगते की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप नाहीसे होते. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवू नये, हे तत्त्व न्याय्यच आहे; मालकाला आम्ही दोष देत नाही. आळस म्युनिसिपालिटीचा असतो आणि त्याचे मोल बेघर माणूस देतो. २०१८ च्या आराखड्याची ही दहा वर्षे १ सप्टेंबर २०२८ रोजी पुरी होतात. या मुदतीतील ऐन मोलाचा काळ लोकनियुक्त सभासदांवाचून गेला, कारण त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जमीन घ्यावी की सोडावी, हे करदात्यांच्या प्रतिनिधींनी उघड्या सभेत बोलावयाचे, ते बंद दाराआड ठरत गेले.

काही व्यापारी बंधू विचारतील की, आमच्या करातून परक्याला स्वस्त खोली का द्यावी? त्यांपैकी पुष्कळांची दुकाने भाडेनियंत्रण कायद्याच्या आश्रयाने आजोबांच्या वेळच्या भाड्यावर उभी आहेत, याचे आम्ही नम्रपणे स्मरण देतो. कायद्याची सावली पेढीला चालते, तर पेढीवरच्या नोकराला का चालू नये?

आमची सूचना अशी की, म्युनिसिपालिटीने घरे विकण्याच्या भरीस न पडता भाड्याच्या खोल्या बांधाव्यात आणि भाडे कमाईच्या ठराविक हिश्शाने आकारावे. जागेची सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. ट्रस्टकडून वारशाने आलेल्या पट्ट्याच्या जमिनी तिच्याच मालकीच्या आहेत. ज्यांचे पट्टे संपतील, ते डोळे मिटून वाढवून देण्यापूर्वी तेथे अशा खोल्या बसतात काय, हे पाहावे. आणि प्रत्येक वॉर्डातील राखीव भूखंडांची यादी, कोणता ताब्यात आला, कोणता नाही, आणि नोटीस कोणाची आली, या तपशिलासह दर तिमाहीस वॉर्ड कचेरीच्या फळ्यावर मराठीत लावावी. ही यादी मिळेपर्यंत वाचकांनी आपल्या वॉर्डाच्या सभासदाकडे लेखी मागणी करीत राहावे आणि अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.