व्यसनमुक्ती आणि गमावलेली पत

व्यसनाने देह पोखरला जातो हे सर्वांस दिसते; परंतु 'उद्यापासून बंद' या वचनावर घरातल्या लेकराचाही भरवसा उरत नाही, आणि अखेर तो माणूस स्वतःच्या शब्दाला स्वतःच पारखा होतो, ही हानी त्याहून खोल असून तिची भरपाई औषधाने होत नाही.

राम गणेश गडकऱ्यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'चे स्मरण आपण त्याचा नायक सुधाकर याच्या अधःपातासाठी करतो. तथापि त्याच नाटकात, दारू सोडण्याचा निश्चय करून तो नोकरीसाठी दारोदार हिंडतो आणि त्याच्या पूर्वचरित्राचा दाखला देऊन त्याला नकार मिळतो, तो प्रसंग मला अधिक विदारक वाटतो. कारण तेथे मद्य नव्हे, तर समाजाचा अविश्वास त्याला पुन्हा प्याल्याकडे लोटतो.

गमावलेला विश्वास परत कसा मिळवावा, या प्रश्नाचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी गवसले. व्यवहारात अपयश आल्याने मद्याच्या मोहात पुन्हा सापडण्याच्या बेतात असलेल्या बिल विल्सन या शेअरदलालाने, आपला निग्रह टिकावा म्हणून दुसऱ्या एका मद्यासक्ताचा शोध घेतला, आणि त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही मद्यासक्तांची संघटना जन्मास आली. तिच्या बारा पायऱ्यांत आपल्या दोषांचा निर्भय हिशेब मांडणे, ज्यांना दुखावले त्यांची यादी करणे आणि शक्य तेथे त्यांची भरपाई करणे यांचा अंतर्भाव आहे.

महाराष्ट्रात या विचाराचे एक संस्थारूप साकारले ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी. 'गर्द' या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी केलेले लेखन, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचे नेतृत्व यांतून पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. शरीराचा कंप आणि निद्रानाश यांवर औषधोपचार होतातच. परंतु पहाटेचा व्यायाम, स्वच्छतेची पाळी, गटात दिलेली प्रांजळ कबुली, हेही तेथे उपचारच. पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, आणि स्वतः व्यसनातून सुटलेल्यांवर नव्यांची जबाबदारी सोपविली जाते. काल ज्याच्या हाती घरचे लोक दहा रुपये द्यायला धजत नव्हते, त्याच्यावर आज दुसऱ्याचा जीव सोपविला जातो, आणि या विश्वासाला पात्र ठरण्याच्या धडपडीत त्याला आपली ओळख पुन्हा लाभते.

म्हणून माझा निर्वाळा असा की, आत्मसन्मान एकट्याने बसून परत मिळवता येत नाही. तो इतरांच्या व्यवहारातून हप्त्याहप्त्याने परत येतो. कित्येकांचा पाय पुन्हा घसरतो. त्या घसरणीलाच अखेरचा निकाल मानू नये. ज्या घरी असा माणूस परतला असेल, त्या घराने त्याच्या खिशाची झडती घेणे थांबवावे आणि भाजी आणणे, वीजबिल भरणे, मुलाला शाळेत पोहोचविणे, यांपैकी एखादे छोटे काम त्याच्या नावावर करावे. मालकांनी त्याला सुधाकरासारखे दारातून परत पाठवू नये.