गवताचं पोट कोण भरतं?

दोस्तांनो, गाय गवत खाते हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण गवत काय खातं? नुसतं 'माती' म्हणालात तर अर्धेच मार्क!

शेताच्या कडेला उसासारखं दिसणारं, माणसाहून उंच गवत पाहिलंय ना? ते संकरित नेपिअर. आपली बाजरी आणि आफ्रिकेतलं हत्तीगवत यांचं हे लेकरू. बाजरीत गुणसूत्रं १४, हत्तीगवतात २८, आणि याच्यात २१. त्यांच्या जोड्या नीट जमत नाहीत, म्हणून याला बीच धरत नाही. लावायची ती डोळे असलेली कांडी, नाहीतर ठोंब. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'यशवंत' आणि 'जयवंत' हे वाण याच जातीतले.

पहिली कापणी दोनेक महिन्यांनी, मग पाणी असेल तर दर दीड महिन्याला. एका गाईला दिवसाला २०-२५ किलो ओली वैरण लागते. एक गुंठा नेपिअर नीट सांभाळलं तर वर्षाला २ टन तरी देतं, म्हणजे एका गाईची तीन महिन्यांची सोय. एक-दोन गाई असलेल्या घरात विकतची वैरण वाचली, तर त्या पैशांत वह्या-पुस्तकं येतात की!

पण 'नीट सांभाळलं तर', बरं का! पुष्कळदा पहिल्या वर्षी गवत तरारतं आणि दुसऱ्या वर्षी पिवळं, काडीसारखं होतं. मग मोठी माणसं म्हणतात, "वाणच वाईट निघाला." वाण कशाला वाईट असेल? ते बिचारं उपाशी असतं!

हिशेब करू या. १०० किलो ओल्या गवताबरोबर साधारण पाव किलो नायट्रोजन शेतातून निघून जातो. २ टनांबरोबर किती? ५ किलो! तो परत कोण देणार?

अहो, गायच देते. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी दुधात जातो फार तर पाव हिस्सा. बाकीचा बहुतेक शेणामुतात. त्यातही मूत आपण सरळ गटारात सोडतो! गोठ्यात नाकाडोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तो अमोनिया. गवताचं जेवण हवेत उडून चाललेलं असतं. म्हणून गाईखाली उरलेला पाचोळा पसरावा, तो मूत शोषतो. मग शेणासकट तो खड्ड्यात टाकून वर मातीचा थर द्यावा. उघड्या उकिरड्यावर ऊन-पावसात पडलेल्या शेणात फारसा दम राहत नाही. आणि गोवऱ्या? त्यांचा नायट्रोजन चुलीच्या धुरातून जातो.

१०० किलो चांगल्या शेणखतात नायट्रोजन जेमतेम अर्धा किलो. तेवढा तर १ किलो युरियातही असतो! मग शेण कशाला वाहायचं? कारण युरियात दुसरं काहीच नाही. शेणखतात स्फुरद, पालाश असतं, आणि त्यानं माती भुसभुशीत होऊन पाणी धरून ठेवते. म्हणून लावणीआधी गुंठ्याला अडीचशे किलो शेणखत, आणि प्रत्येक कापणीनंतर अर्धा किलोच्या आसपास युरिया देऊन लगेच पाणी.

आई-बाबांनाही एक सांगा. जास्त युरिया म्हणजे जास्त दूध, असं मुळीच नाही. भरपूर युरिया घातलेलं गवत पाण्यावाचून सुकत असेल, तर त्यात नायट्रेट साठतं. ते पोटात गेलं की गाईचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि काही तासांत गाय दगावू शकते. असं गवत जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. युरियाचं पोतंही गोठ्यात नको. जनावर ते चाटतं, आणि तेही विषच ठरतं.

आता सुट्टीतलं काम. कापणी झाली की गवताच्या चार ओळी निवडा. पहिलीला काही नाही, दुसरीला शेणखत, तिसरीला युरिया, चौथीला दोन्ही. युरिया मात्र मोठ्यांच्या हातून. पाणी सगळ्यांना सारखं. दीड महिन्यानं प्रत्येक ओळीचा भारा वेगळा बांधून वजन करा आणि आकडे वहीत मांडा. त्यापुढच्या कापणीलाही खत न घालता पुन्हा वजन करा. तेव्हा दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी शेजारी बघायला मोठी गंमत येते!