मोटारीचा श्वास

मे महिन्यातील भर दुपारी चंद्रपूरहून मूल व सावलीवरून गडचिरोलीस निघालेली मोटार आणि पौषातील पहाटे त्याच रस्त्याने निघालेली तीच मोटार यांच्या चालीत थोडा फरक असतो. पहाटे पुढची मालमोटार ओलांडताना जी सहज उसळी घेते, तीच दुपारी किंचित जड वाटते. यंत्र तेच, पेट्रोल तेच, हाकणारा तोच. मग उणे पडले ते काय? उणी पडली ती हवा.

मोटार पेट्रोलवर चालते असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु ते अर्धेच सत्य होय. एक भाग पेट्रोल पुरतेपणी जाळावयाचे, तर वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. १२०० घन सेंटिमीटरचे लहानसे इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत पूर्ण शक्तीने चालले, म्हणजे ते मिनिटागणिक १८०० लिटरपर्यंत हवा ओढू शकते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे ७ लिटर हवा घेतो. तेव्हा ते इंजिन अडीचशे माणसांच्या सभेइतका श्वास एकटेच घेते असे म्हणावयास हरकत नाही.

आता हवा तापली की फुगते, विरळ होते. इंजिनचे नळकांडे मात्र तेवढेच राहते. सबब त्यात भरलेली हवा वजनाने कमी भरते. ४५ अंशांवरील हवा १५ अंशांवरील हवेपेक्षा वजनाने सुमारे एक दशांश हलकी असते. त्यातच बॉनेटखाली इंजिनच्या आचेने ७० अंशांपर्यंत तापलेली हवा आत गेली, तर आणखी सात-आठ टक्के तूट येते. शिवाय हवा फार तापलेली असली की पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा संभव असतो. तो टाळण्याकरिता आजच्या मोटारीतील नियंत्रक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यानेही थोडी शक्ती जाते.

यावर उपाय म्हणून बाजारात ‘कोल्ड एअर इनटेक’ या नावाचे साहित्य मिळते. त्यात मूळची हवेची पेटी काढून तिच्या जागी रुंद, गुळगुळीत नळी व मोठी गाळणी बसवितात आणि नळीचे तोंड इंजिनपासून दूर, बाहेरची हवा मिळेल अशा जागी नेतात. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. तथापि नावावरून जी आशा उत्पन्न होते ती तपासून घेतली पाहिजे. चंद्रपूरची हवा थंड करण्याची शक्ती त्या नळीत नाही. बाहेर ४५ अंश असतील, तर तिच्यातून ४५ अंशांचीच हवा येणार. इंजिनच्या आचेने होणारी तूट ती टाळील; उन्हाळ्याने केलेली तूट भरून काढणे तिला शक्य नाही.

आणि आचेची ती तूट तरी मूळच्या मोटारीत कितीशी असते? बहुतेक आधुनिक मोटारींत कारखानदारानेच हवेच्या पेटीचे तोंड पुढच्या जाळीमागे किंवा चाकावरील पत्र्याच्या पोकळीत नेलेले असते. म्हणजे मुख्य लाभ आधीच पदरात पडलेला आहे. दुसरे असे की, नेहमीच्या चालीत पेट्रोल मोटारीची हवेची झडप अर्धवटच उघडी असते. हवा विरळ असली तर हाकणारा नकळत पाय जरा अधिक दाबतो व काम भागते. नळीचा उपयोग व्हावयाचा तो झडप पूर्ण उघडल्यावर, आणि तोही अल्पच. बहुधा कानास वाढतो तो आवाज. बळ वाढल्याचा भास त्यातूनच होतो.

ज्यास तरीही ती बसवावयाची असेल त्याने इंजिन निवू द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडवावी. हवेचे माप घेणारे नाजूक उपकरण जुन्या नळीतून काढताना त्यास बोट लावू नये, आणि नव्या नळीत त्यावरील बाणाच्या दिशेनेच बसवावे. सांधे पट्ट्यांनी घट्ट आवळावेत. त्या उपकरणाच्या पुढे फट राहिली, तर न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण बिघडते. गाळणी बॉनेटखाली उघडीच ठेवली व मध्ये उष्णतेचा आडोसा केला नाही, तर ती तापलेलीच हवा ओढील आणि खर्च करून मोटार पूर्वीपेक्षा मंद होईल. जुनी पेटी जपून ठेवावी. बसविण्यापूर्वी कंपनीच्या हमीची कलमे वाचावीत. तसेच नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम प्रतिबंध करते, हेही ध्यानात असावे.

परंतु या दोन जिल्ह्यांत खरा प्रश्न उष्णतेचा नसून धुळीचा व पाण्याचा आहे. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर या बाजूस कोळशाची धूळ; एटापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या मालमोटारींनी उडविलेली तांबडी धूळ. हवा अधिक सोडणाऱ्या काही कापसी गाळण्या बारीक धूळ कागदी गाळणीइतकी अडवीत नाहीत. ती आत जाऊन दट्ट्या व नळकांडे घासते. अशा गाळणीस तेल जास्त लागले, तर ते हवा मोजणाऱ्या उपकरणावर बसून त्याचे माप चुकविते.

पावसाळ्यात धोका याहून मोठा. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता कितीदा तरी बंद पडलेला आहे. नळीचे तोंड थंड हवेसाठी खाली बंपरजवळ नेलेले असेल, तर गुडघाभर पाण्यातही इंजिन हवेऐवजी पाणी ओढील. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. दट्ट्या पाण्यावर आदळतो, त्याचा दांडा वाकतो, आणि क्षणात इंजिन निकामी होते. आलापल्लीपुढच्या अरण्यात, घरची माणसे मोटारीत असताना, रात्रीच्या वेळी हा प्रसंग ओढवला, तर वाचलेल्या दोन-चार पळांचा हिशेब कोण करीत बसेल?

म्हणून या भागातील मोटारवाल्याने नळीपेक्षा गाळणीकडे अधिक लक्ष द्यावे. मोटारीबरोबरच्या पुस्तिकेत धुळीच्या प्रदेशासाठी गाळणी लवकर बदलण्यास सांगितलेले असते. ती सूचना पाळावी. पेटीचे झाकण नीट बसले आहे ना, हवेचे तोंड पालापाचोळ्याने बुजले नाही ना, हे पाहावे. वाहत्या पाण्यात मोटार घालू नये. आणि बंद पडलेल्या इंजिनात पाणी शिरल्याची शंका आली, तर ते पुन्हा सुरू न करता मिस्त्रीच्या स्वाधीन करावे. मोटारीस श्वास मोठा मिळाला नाही तरी चालेल. तो स्वच्छ व कोरडा मात्र मिळालाच पाहिजे.