बिट्टू जेवत का नाही?

आज आमच्या बिट्टूबद्दल. देशी कुत्रा, वय आठ महिने, वजन दहा किलो, आणि वाडग्याला तोंड लावेना. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक. आई मात्र ‘लेकरू उपाशी राहिलं’ म्हणत वरून उकडलेलं चिकन घालायची.

मी इंजिनिअर माणूस, तीन दिवस प्रत्येक घास एक्सेलमध्ये लिहिला. निघालं काय, तर चौघांच्या हातची बिस्किटं, पोळीचे तुकडे, चीज यांनीच त्याचं निम्मं पोट भरत होतं. शिवाय वाडगा नाकारला की चिकन येतं, हे त्याला पक्कं कळलेलं. बग आमच्यात होता!

असा वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत हवा. त्यात या वयात वाढ मंदावते, भूकही थोडी कमी होते. दोन वेळा जेवण पुरतं. वाडगा ठेवायचा, 20 मिनिटांनी न रागावता उचलायचा. मध्ये काही नाही, पाणी कायम. कोरड्या खाण्यावर कोमट पाणी घाला, वास सुटतो, आणि कुत्रं आधी नाकानं जेवतं. घरचा रस्सा नको, कांदा-लसूण त्यांना विषारी.

पण हे अगदी लहान पिल्लावर करू नका, उपाशीपोटी त्याची साखर झपकन घसरते. आणि उलट्या, जुलाब, ताप, फिक्या हिरड्या दिसल्या, किंवा आवडतं चिकनही नको झालं, तर तडक डॉक्टर. गोचिडांमुळे येणारा तापही असाच सुरू होतो.

बिट्टू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवला. आई तोवर माझ्याशी बोलत नव्हती.