पगाराआधी जोडीदाराचा व्हिसा पाहा

परदेशातली नोकरी स्वीकारताना तरुण जोडपी पगार, घरभाडे, कर यांचा हिशेब मांडतात. दुसऱ्याला तिथे कमावता येईल का, हा प्रश्न मागे राहतो. तो पहिला असायला हवा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, पण नुसत्या त्यावर नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काहींना परवाना मिळू लागला, तोही मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे त्यांना. तोवर उत्तम शिकलेली व्यक्तीही घरी बसते आणि बायोडेटातली रिकामी वर्षे वाढत जातात. ती बहुतेकदा बायकोच्या वाट्याला येतात, हे फार खुपते. जर्मनीत मात्र ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला निवास परवान्याबरोबरच कामाची मुभा मिळते.

कोणी म्हणेल, नुसती मुभा घेऊन काय करायचे? आक्षेप रास्त आहे. जर्मन येत नसेल तर बऱ्याच नोकऱ्या हाती लागत नाहीत, आणि डॉक्टर-नर्सना पदवीची मान्यता घ्यावीच लागते. पण भाषा शिकता येते, मान्यतेचा अर्ज पुण्यात बसूनही करता येतो. एच-४ वरची मनाई स्वतःच्या मेहनतीने उठत नाही. त्यासाठी बहुधा जोडीदाराच्या कंपनीनेच अर्ज करावा लागतो.