पैशाने नेमकं काय होतं?

समजा, वैरागमधल्या एका विधवा आईच्या खात्यात महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे जमा झाले. 2023 मध्ये ही रक्कम 1100 वरून मुलामागे महिना 2250 रुपये झाली. मूल बालगृहात न जाता घरीच राहिलं. पण कशामुळे? किराण्याची उधारी फिटली म्हणून, की कुणीतरी आपली विचारपूस करतंय या आधाराने?

रे पॉसन आणि निक टिली या ब्रिटिश अभ्यासकांनी 1997 मध्ये हाच प्रश्न लावून धरला. योजना चालते का, एवढ्यावर भागत नाही. कुणासाठी, कोणत्या परिस्थितीत आणि कशी, हेही शोधायचं. घरी सांभाळायला आजी असेल तर तेच पैसे वेगळं काम करतात. सरासरीत ही आजी दिसत नाही. म्हणून असे संशोधक आकड्यांबरोबर आईशी, गुरुजींशी, अंगणवाडीताईंशी बोलत बसतात. काम वेळखाऊ, अहवालात त्याच्या चार ओळी होतात.