इस्राएल आणि ख्रिस्तमंडळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग कॅथेड्रलच्या दक्षिण दाराशी तेराव्या शतकात दोन स्त्रियांचे पुतळे उभारले गेले. एकीच्या डोक्यावर मुकुट, हातात क्रूस आणि प्याला, ही ख्रिस्तमंडळी. दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी, हातातला भाला मोडलेला, नियमशास्त्राच्या पाट्या निसटायच्या बेतात. हा यहुदी समाज. इस्राएल आणि चर्च यांच्या नात्याबद्दल ख्रिस्ती धर्म काय सांगतो, असे विचारले की पुष्कळांच्या मनात आजही असेच काहीसे चित्र असते.

गैरसमज : देवाने इस्राएलला टाकले आणि त्याच्या जागी चर्चला बसवले, हीच ख्रिस्ती शिकवण.

ही शिकवण होती, आणि शतकानुशतके तिचा जोरही होता. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती लोकच खरे इस्राएल असल्याचे ठासून मांडले. पण त्याच्या शंभरेक वर्षे आधी, स्वतः यहुदी असलेल्या पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ९ ते ११) वेगळाच सूर लावला होता. देवाने आपल्या लोकांना टाकलेले नाही, असे तो बजावतो आणि जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. झाडाच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि तिथे रानटी जैतुनाची फांदी कलम केली गेली. ही रानटी फांदी म्हणजे यहुदी नसलेले ख्रिस्ती.

कोकणात रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. पौलाचे कलम नेमके उलटे आहे, आणि ते निसर्गाविरुद्ध आहे हे तो स्वतःच मान्य करतो. म्हणूनच नव्या फांदीने तोरा मिरवू नये, मूळ तिला पोसते, असा त्याचा इशारा आहे. तोडलेल्या फांद्या पुन्हा जोडल्या जाऊ शकतात, हेही तो सांगतो.

गैरसमज : येशूच्या मृत्यूचा दोष चर्च यहुदी लोकांवरच ठेवते.

या आरोपापायी युरोपात यहुद्यांचे अतोनात हाल झाले. नाझींनी केलेल्या यहुद्यांच्या वंशसंहारानंतर मात्र अनेक चर्चना आपली शिकवण तपासावी लागली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चने खुद्द मार्टिन ल्यूथरच्या यहुदीविरोधी लिखाणाशी संबंध तोडला.

गैरसमज : नवा करार आला आणि जुना बाद झाला.

दुसऱ्या शतकातल्या मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाचे म्हणणे असेच होते. जुन्या कराराचा देव येशूचा पिता नव्हेच, असे तो शिकवी. रोमच्या मंडळीने इ.स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढले. स्तोत्रसंहिता आणि यशया आजही चर्चमधल्या उपासनेत वाचले जातात.

गैरसमज : ख्रिस्ती माणूस म्हणजे आजच्या इस्रायलचा पाठीराखा.

इथे तर ख्रिस्ती जगतात उघड दुफळी आहे. इस्राएल आणि चर्च या देवाच्या दोन स्वतंत्र योजना आहेत, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने केली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलने ती अमेरिकेत घरोघरी नेली. तिथल्या अनेक इव्हँजेलिकल लोकांचा इस्रायलला असलेला पाठिंबा पुष्कळसा यातूनच आला. प्रोटेस्टंटांमधल्या रिफॉर्म्ड परंपरेचा मुख्य प्रवाह मात्र दोन्ही करारांत देवाची एकच प्रजा पाहतो.

व्हॅटिकनने १९९३ च्या अखेरीस इस्रायलशी मूलभूत करार केला. तरी या राष्ट्राकडे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांनुसार पाहावे, अशी भूमिका त्याने १९८५ मध्येच घेतली होती. खुद्द जेरुसलेममधल्या लॅटिन, सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि लुथरन धर्मप्रमुखांनी तर २००६ मध्ये 'ख्रिस्ती झायोनिझम', म्हणजे बायबलच्या आधाराने इस्रायलला दिला जाणारा पाठिंबा, जाहीरपणे नाकारला.

गैरसमज : यहुद्यांना ख्रिस्ती करणे हेच या नात्याचे अंतिम टोक.

काही इव्हँजेलिकल गट असे मिशन चालवतात. व्हॅटिकनच्या २०१५ च्या दस्तऐवजाने मात्र यहुद्यांसाठी वेगळे संस्थात्मक मिशन आपण चालवत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही, असे सांगितले. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मुंबईत जॉन विल्सन आणि इतर मिशनऱ्यांनी बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या मुलांना शिकवले, मराठीतून हिब्रू व्याकरणही दिले. त्यातून या समाजाची आपल्या धर्मग्रंथांशी जवळीक वाढली. ख्रिस्ती फारच थोडे झाले.

तेव्हा 'इस्रायलबद्दल ख्रिस्ती धर्म असे म्हणतो' असे विधान कानावर आले, तर कोणते चर्च आणि कोणत्या शतकातले, हे आधी विचारावे. जमल्यास पौलाचे ते तीन अध्याय मराठी बायबलमधून स्वतः वाचून काढावेत.